कंपनीनं दिलेला वकील

भाजीपाला पाचोडच्या बाजारात नेणारा एक टेम्पो, एवढीच आमच्या घरची मिळकत. त्याच्याच जिवावर मी शिकलो, घरातला पहिला पदवीधर झालो.

आमच्या गावात मातीला माणसं न्यायची असली तर गाडीवाला भाडं घेत नाही. गंगापूरला आत्या वारली, तेव्हा वडिलांनी भावकीला टेम्पोत बसवून नेलं. परतताना वळणावर टेम्पो उलटला आणि चुलतचुलते जागीच गेले. काकूंच्या पदरात दोन लहान मुली.

वडीलच त्यांना म्हणाले, "वहिनी, माझ्यावर दावा लावा. इमा हाय, कंपनी देईल. आपल्यात भांडण नाय."

काकूंनी दावा लावला. कंपनीनं औरंगाबादच्या कोर्टात आपला वकील उभा केला. वडिलांना कोण आनंद झाला! आपल्याला वेगळा वकील कशाला, म्हणाले. पहिल्या तारखेला जाताना शेतातले पेरू घेतले.

"गाडीत माणसं कशी काय होती?" वकिलांनी विचारलं.

"मातीला नेली होती साहेब. रुपया नाय घेतला कुणाचा." वडिलांनी सगळं सांगितलं. वकिलांनी ते लिहून घेतलं. पेरू घेतले नाहीत.

"मी कंपनीचा वकील आहे, काका."

"तेच म्हंतो मी. हप्ता आमीच भरतो की!"

पुढं साक्षीच्या दिवशी तेच वकील उठले. मालाच्या गाडीत माणसं बसवली, पॉलिसीची अट मोडली, तेव्हा कंपनीवर जबाबदारी येत नाही, असं त्यांनी सांगितलं. मग वडिलांकडे वळले. "माणसं बसवली होती, हे खरं ना?"

वडील म्हणाले, "तुमाला सांगितलं व्हतं की, साहेब."

निकालात कंपनी सुटली. भरपाई टेम्पोच्या मालकानं द्यायची.

"मला तुमचं नको व्हतं, भावजी," काकू कोर्टाच्या पायरीवर बसून रडल्या. पण मुलींसाठी त्यांनाही दुसरा मार्ग नव्हता. टेम्पो विकला. तेवढ्यानं भागलं नाही. माझ्या पगारातला हिस्सा अजून तिकडंच जातो. दोन्ही घरांचं बोलणं मात्र थांबलं.

नंतर कन्नडला काकूंचे वडील वारले. माणसं सवयीनं आमच्या अंगणात जमली. टेम्पोची रिकामी जागा बघून एकेक करून जीपच्या थांब्याकडं निघाली. वडील टोपी घालून दारात तयार उभे होते. त्यांना कुणी 'चला' म्हटलं नाही.