वायर बारीक पडली

पंचवीस वर्षं मी डिझेलचे पंप दुरुस्त केले. माजरीच्या खाणीवरचे ट्रक, ट्रॅक्टर, धान कापायचे हार्वेस्टर, सगळ्यांचे पंप माझ्या टेबलावर येऊन गेले. नुसत्या आवाजावरून कुठला नोझल टपकतोय ते मी सांगायचो आणि ते सहसा खरं निघायचं. अशानं माणसाला जो माज चढतो, तो मला चढला होता. राग तर आधीपासूनच नाकावर. कुणी वय काढलं तरी मला झोंबायचं.

माझ्या दुकानातलं वायरिंग शेजारच्या टपरीतला एक जण करायचा. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, बोलणं कमी, हात नेटका. अकरा वर्षं आम्ही एकाच डब्यातून जेवलो. एक दिवस त्यानं आपला नागभीडचा दोस्त माझ्याकडे आणला. दोघं पहिलीपासून एका बाकावरचे. दोस्ताकडे एक जुनी पेट्रोल गाडी होती आणि तिला टर्बो बसवायचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं होतं.

टर्बो इंजिनात जबरदस्तीनं जास्तीची हवा कोंबतो. हवा वाढली की पेट्रोलही त्याच हिशेबानं वाढावं लागतं. म्हणजे फवारा मारणारे इंजेक्टर मोठे हवेत आणि टाकीतून त्यांना पेट्रोल पुरवणारा पंपही तगडा हवा. गाडीच्या कॉम्प्युटरचं काम नागपूरचा एक माणूस करणार होता. इंजेक्टर आणि पंप निवडायचं काम माझ्याकडे आलं.

पेट्रोलच्या टर्बोला मी जन्मात हात लावला नव्हता. हे तेव्हाच सांगायला हवं होतं. पण दोघं विश्वासानं बघत होते, आणि ‘मला येत नाही’ हे वाक्य माझ्या तोंडाच्या सवयीचं नव्हतं.

इंजेक्टर मी मोठे निवडले. पंप मात्र दुकानात पडलेलाच एक घेतला, दुसऱ्या एका गाडीचा. मापाच्या नळीत मिनिटभर चालवून पाहिला, नळी भरून वाहिली. मी म्हटलं, झालं काम.

“भाऊ, प्रेशर लावून मोजा ना एकडाव,” वायरवाला म्हणाला. “मोकळा सोडला तं कोणताबी पंप धो धो फेकते. टर्बोचा दाब आला का हाच कमी पडन. त्यात आपला उन्हाळा. टाकीतलं पेट्रोल बी तापते.”

दोस्ताच्या देखत त्यानं मला शिकवावं, हे मला खपलं नाही. “कमी पडला तं पडला,” मी म्हणालो. “गाडी दम सोडन, अजून काय होईन? तुले पंपाचं काय समजते? तू आपली वायर पाह्य.”

तो कसनुसा हसला आणि वायर घेऊन गाडीखाली शिरला.

डिझेलमध्ये तेल कमी पडलं तर इंजिन फक्त ढिलं पडतं. मी आयुष्यभर तेवढंच पाहिलं होतं. पेट्रोलच्या टर्बोचं उलटं असतं. हवा भरपूर आणि पेट्रोल अपुरं असलं की आतली आग बेफाम तापते आणि पिस्टन वितळतो. पंगतीत पळी मोठी आणि पातेलं रिकामं, तशी मी त्या गाडीची गत करून ठेवली होती.

मे महिन्यात सिंदेवाहीच्या अलीकडे सरळ रस्ता लागला आणि दोस्तानं एक्सिलरेटर दाबला. गाडी ट्रॅक्टरला बांधून माझ्या दारात आली. इंजिनाचं हेड खोललं, तर तिसऱ्या पिस्टनला बोट जाईल एवढं भोक.

“असं काऊन झालं भाऊ?” दोस्तानं विचारलं.

भोक पाहताक्षणी मला कारण कळलं होतं. मी म्हणालो, “वायर बारीक पडली. पंपाले करंटच नाई पुरला.”

वायरवाला माझ्या शेजारीच उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी बोल्ट मोजत राहिलो. त्यानं पक्कड आणि टेस्टर पिशवीत टाकले आणि तो निघून गेला.

ते दोघं गेल्यावर मी टाकीतला पंप बाहेर काढला. थेट बॅटरीपासून आणलेली जाड वायर, पंपाला पुरता करंट सोडणारा वेगळा रिले, प्रत्येक जोड नीट झाकलेला. इतकं स्वच्छ काम माझ्या दुकानात दुसरं नव्हतं. मी झाकण लावून टाकलं.

महिन्याभरात वायरवाला मुलचेऱ्याला, सासुरवाडीकडे राहायला गेला. धंदा नव्हता म्हणून गेला, असं मी लोकांना सांगत सुटलो. चोर तो चोर, वर शिरजोर.

पुढच्या हंगामात मुलचेऱ्याकडच्या एका हार्वेस्टरचा पंप उघडायला मला बोलावणं आलं. काम संपल्यावर मी त्याचं दुकान शोधत गेलो. तो पाण्याची मोटर खोलून बसला होता. मला पाहून त्यानं स्टूल पुसलं. “बसा भाऊ.”

मी दोस्ताची चौकशी केली.

“बोलत नाई,” तो म्हणाला. “त्याच्या पोरीच्या लग्नात बी नाई बोलावलं.”

“मंग तू त्याले खरं काऊन नाई सांगतलं?”

“आला होता तो घरी विचारायले. मी म्हटलं, हो, वायर माझीच बारीक होती.” त्यानं मोटरचा स्क्रू काढून वाटीत ठेवला. “तुमचं दुकान नावावर चालते, भाऊ. माझ्याजवळ एक पक्कड आहे, ते कुठीबी चालते.”

मला इतकी लाज वाटली की स्टुलावर बसवेना. माझं खोटं त्यानं स्वतःच्या तोंडानं खरं करून ठेवलं होतं, आणि त्यापायी जन्माचा दोस्त घालवला होता. मी तिथेच उभ्यानं नागभीडला फोन लावला. वायर चांगली होती, पंप मी चुकीचा निवडला आणि वर खोटं बोललो, एवढं एका दमात सांगितलं.

पलीकडून दोस्त म्हणाला, “त्याले द्या फोन.”

वायरवाल्यानं हात पुसले, फोन कानाला लावला आणि माझ्याकडे पाठ केली. तरी मला ऐकू आलंच.

“भाऊले काही बोलू नको रे,” तो म्हणाला. “वय झालं त्यायचं.”

मी मान खाली घालून ते ऐकून घेतलं.