पान एकशे बाराच्या पुढे

दि. ११ जानेवारी २०२३ रोजी केरळातल्या कण्णूरच्या ग्रंथोत्सवात तेक्केकुन्नूच्या नवप्रभा वाचनालयाने १८,४६५ रुपयांची बावन्न पुस्तकं घेतली. अनुदान अठरा हजारांचं होतं. वरचे चारशे पासष्ट सेक्रेटरी भरतन मास्तरांनी स्वतःच्या खिशातून घातले, कारण फणसाच्या पाककृतींचं पुस्तक परत ठेवायला शिजिना काही केल्या तयार होईना.

"माशे, हे एकटं पुस्तक बाकीच्या एक्कावन्नांना घराघरांत ओढून नेईल," ती म्हणाली. गावात मास्तरांना सगळे 'माशे' म्हणूनच हाक मारतात.

शिजिना वाचनालयाची फिरती ग्रंथपाल. मंगळवारी आणि शुक्रवारी दोन पिशव्या खांद्याला लावून ती चौसष्ट घरं करते. ज्या बायांना वाचनालयात येऊन बसायला सवड नाही त्यांच्या ओसरीवर पुस्तक पोचवायचं, जुनं परत आणायचं. पण नवं पुस्तक तिच्या पिशवीत जाण्याआधी एका घरी जाऊन यावं लागतं. ते घर कणारनचं. गावाच्या तोंडी कणारेट्टन, म्हणजे कणारनदादा.

हा नियम कुठे लिहिलेला नाही. अकरा वर्षं तसं चालत आलंय. शिजिना नव्या पुस्तकांना खाकी कागदाची कव्हरं घालते, पुठ्ठ्याच्या कडेला नंबर टाकते आणि आठवड्याला चार पुस्तकं कणारनकडे ठेवून येते. तो वाचतो आणि प्रत्येकासाठी बोटभर चिठ्ठी लिहितो. ती चिठ्ठी पुस्तकाच्या शेवटच्या पानामागे चिकटते. बायका पुस्तक हातात घेतल्या घेतल्या आधी मागून उघडतात.

"कणारेट्टन काय म्हणालेत?" असं विचारूनच मग घ्यायचं की नाही ते ठरतं.

कणारन वाचक झाला तो विड्यांमुळे. विडी संघाच्या हॉलमध्ये साठ जण मांडीवर सूप घेऊन विड्या वळायचे आणि त्यांना एक जण वाचून दाखवायचा. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. कणारनचा आवाज खणखणीत आणि उच्चार स्वच्छ, म्हणून एकतीस वर्षं दुपारचं वाचन त्याच्याकडे होतं. वाचणाऱ्याचे हात वळत नाहीत, म्हणजे त्याची मजुरी बुडते. म्हणून ऐकणारा प्रत्येक जण तासामागे आपल्या दोन विड्या त्याच्या सुपात टाकायचा. साठ जणांच्या एकशेवीस. हात चालवून तासाभरात तेवढ्याच झाल्या असत्या. कोणी कोणावर उपकार करत नव्हतं.

त्या हॉलने त्याला दोन गोष्टी शिकवल्या. एक म्हणजे पुस्तक जोखायचं कसं. विडीची पानं कातरणाऱ्या साठ कात्र्यांचा आवाज एका लयीत चालला की वाचन बरं चाललंय. मध्येच खोकला, कुजबुज सुरू झाली की लेखक कंटाळा करतोय. आणि कधी तरी, वर्षा-दोन वर्षांतून एकदा, सगळ्या कात्र्या एकदम थांबायच्या. त्याच्या चिठ्ठ्यांत सगळ्यात मोठी शाबासकी तीच असे : 'हात थांबले.' अकरा वर्षांत त्याने ती चारच पुस्तकांना दिली होती.

दुसरी गोष्ट म्हणजे पानात खूण घालायची नाही. काल कुठे थांबलो ते सुट्टीनंतर हॉल ओरडून विचारायचा आणि वाचणाऱ्याने पान तोंडपाठ सांगायचं. ज्याला खूण लागते तो नुसता पानं उलटतोय, पुस्तक त्याच्या डोक्यात नाही, असं समजलं जायचं. चौऱ्याहत्तराव्या वर्षीही कणारन झोपताना आपली पानं मनात म्हणून घेई.

मात्र त्या साली एक गोष्ट त्याने कोणालाच सांगितली नव्हती. आदल्या पावसाळ्यापासून त्याला ओळीच्या मधोमध एक डाग दिसत होता. कडेची अक्षरं दिसायची, पण ज्या अक्षराकडे पाहावं तेच पुसलेलं. एकटाच कण्णूरला जाऊन तो डॉक्टरांना दाखवून आला. पडद्याचा आजार आहे, गेलंय ते येणार नाही, आहे ते सांभाळा, असं डॉक्टर म्हणाले. त्याने तो कागद जुन्या शब्दकोशात ठेवला आणि स्टेशनरीच्या दुकानातून मोठं भिंग आणलं. गावाला कळलं तर नवी पुस्तकं पहिल्यांदा दुसऱ्या कोणाच्या घरी जातील. ती गेली की मग आपण कोण, हे त्याला सांगता आलं नसतं.

बावन्न पुस्तकं, तेरा आठवडे, एप्रिलातल्या विषूच्या सणाच्या आत सगळं आटपायचं, असा त्याने हिशेब केला. भिंग पानावर ठेवून एकेक ओळ ओढत तो वाचू लागला. पहिल्या महिन्याच्या चिठ्ठ्या नेहमीसारख्याच झाल्या.

प्रवासवर्णनाला त्याने लिहिलं : 'लेखक एकोणीस देश फिरला. एकाही घरी जेवला नाही. विमानतळांची माहिती चांगली आहे.'

कवितासंग्रहाला : 'एकसष्ट कविता. नऊ लक्षात राहतात. हे पीक चांगलंच म्हणायचं. नऊ कुठल्या ते सांगणार नाही.'

समुद्रजीवांवरच्या शास्त्राच्या पुस्तकाला : 'आठ पायांच्या एका प्राण्याला तीन हृदयं असतात हे कळलं. लेखिका त्याच्याशी माणसासारखं वागते. शाळेतल्या मुलांना जरूर द्या, मोठ्यांनाही.'

एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्याच्या आत्मचरित्राला : 'या माणसाने आयुष्यात एकही चूक केलेली नाही. त्यामुळे सांगण्यासारखं फारसं उरलेलं नाही.'

आणि फणसाच्या पुस्तकाला : 'चोपन्न कृती. एक्कावन्न माधवीला येतात. उरलेल्या तिन्हींत चीज आहे.' माधवी त्याची बायको. ही चिठ्ठी वाचून तिने ते पुस्तक दोन आठवडे ठेवून घेतलं.

फेब्रुवारीच्या मध्यावर ६२१४ नंबरच्या कादंबरीला त्याने लिहिलं : 'कुवेतच्या इस्पितळातली एक नर्स स्वतःची गोष्ट सांगते. अर्धं पुस्तक घरच्यांना पैसे पाठवण्यात आणि खोटं "मी मजेत आहे" लिहिण्यात जातं. मग लेखकाने जी उडी मारली आहे! नर्स गावी कधी परतली, का परतली, एक अक्षर नाही. एकदम चहाच्या मळ्यातलं इस्पितळ आणि पत्तीच्या गोदामात प्रेत. मधलं सगळं वाचणाऱ्यावर सोडलंय. हल्लीचे लेखक वाचणाऱ्याला शहाणा समजतात हे पाहून बरं वाटलं. हात थांबले.'

अकरा वर्षांतलं पाचवं 'हात थांबले'. भरतन मास्तरांनी लगेच ठरवलं की शनिवारच्या बैठकीत याच पुस्तकावर चर्चा ठेवायची. शिजिनाने चिठ्ठी चिकटवली आणि पुस्तक सगळ्यात आधी कल्याणी अम्माच्या घरी दिलं. कल्याणी अम्मा ब्याऐंशी वर्षांच्या. वाचण्याचा वेग असा की शिजिनाने दुसऱ्या घराची पायरी चढेपर्यंत त्यांची दहा पानं व्हायची.

शुक्रवारी शिजिना ओसरीवर आली तेव्हा पुस्तक अम्मांच्या मांडीवर बंद पडलेलं होतं.

"मोळे, पोरी, बस. प्रेत कुठाय?"

"कसलं प्रेत, अम्मा?"

"गोदामातलं! दोनदा वाचलं मी. ती मेली नर्स कुवेतमधनं हलतच नाही. शेवटच्या पानावरसुद्धा तिथेच, खिडकीशी. चहाचा मळा नाही की काही नाही. चोरलंस की काय मधली पानं?"

"पानं बरोबर आहेत, अम्मा. मी मोजूनच कव्हर घालते."

"मग कणारनला विचारते उद्या बैठकीत. सगळ्यांसमोर विचारते. मला म्हणतो पानं गाळून वाचते! आता कळू दे कोण गाळतंय ते."

शिजिना खाली उतरून फणसाच्या झाडाखाली थांबली आणि अम्मांकडून आणलेलं पुस्तक चाळलं. मग तिला आठवलं. त्याच चवडीत ६२१७ होतं : मुन्नारकडच्या चहाच्या मळ्यात खून, आणि गोष्ट सांगणारी मळ्याच्या इस्पितळातली नर्स. दोन्ही पुस्तकं एकाच जाडीची, एकाच खाकी कागदातली. दोन्हींत 'मी', दोन्हींत सलाइनच्या बाटल्या. आणि खूण न घालणारा माणूस. १४ आणि १७ यांत फरक एका आकड्याचा. तो आकडा त्याला दिसला नसेल तर? उरलेली एकवीस घरं पुढे ढकलून ती सरळ कणारनकडे गेली.

दुपारचे तीन वाजले होते. कणारन ओसरीवर भिंग घेऊन बसला होता. ती दिसताच त्याने ते लुंगीच्या ओच्यात सारलं. माधवी शेजारी शेवग्याची पानं खुडत होती.

"आज लवकर, शिजिना?"

"कणारेट्टा, ६२१७ देता का जरा? एका घरी पाहिजे."

त्याने चवडीवर हात फिरवला, एक पुस्तक काढलं, कड डोळ्यांजवळ नेली, तिरकी केली आणि तिच्या हातात दिलं. ते ६२११ होतं. शिजिनाने ते परत चवडीवर ठेवलं.

"हे नव्हे का?" त्याने विचारलं. मग आपलं न दिसणं उघडं पडलं, हे त्याला कळलं.

तिने सगळं सांगितलं. कणारन आधी चिडला. "कल्याणी अम्मा वाचते कुठे? ती पुस्तक गिळते! तिला उडी कळली नाही म्हणून पुस्तकात उडी नाही?"

"६२१४ कुठपर्यंत वाचून झोपला होतात?"

"एकशे बारा." हे मात्र तो क्षणात म्हणाला.

शिजिनाने पिशवीतून खरं ६२१४ काढलं, एकशे बारावं पान उघडलं आणि मोठ्याने वाचायला लागली. नर्सच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलेलं असतं. घरून पत्र येतं : रजा मिळत नसेल तर येऊ नकोस, पैसे मात्र वेळेवर पाठव. ती पत्र घडी करून गणवेशाच्या खिशात ठेवते आणि एका म्हाताऱ्या रुग्णाची नखं कापायला बसते. त्याची मुलगी तीन वर्षांत आलेली नाही. तो हिला मुलगीच समजतो आणि तिच्या नावाने हाक मारतो. ती ओ देते. पुढची सात पानं नुसती नखं कापण्याची होती.

शिजिना थांबली तेव्हा ओसरीवर कसलाच आवाज नव्हता. माधवीच्या हातात शेवग्याचा डहाळा होता, आणि त्यावरची पानं तशीच होती.

कणारनने ते पाहिलं. कडेने का होईना, त्याला एवढं दिसत होतं.

"माझी उडी याच्यापुढे काहीच नाही," तो हळूच म्हणाला.

"पावसाळ्यापासून हा माणूस पेपरातले मथळे वाचतो आणि आत काय लिहिलंय ते मनाने मला सांगतो," माधवी शिजिनाला म्हणाली. "मी म्हटलं, सांगू दे. पेपरापेक्षा बरं सांगतो."

"तुला माहीत होतं?" कणारनने विचारलं.

"शब्दकोश झटकते मी. तुम्ही नाही झटकत."

शिजिनाने उपाय काढला. चिठ्ठी काढून नवी चिकटवायची, कल्याणी अम्मांना ती समजावेल, छपाईत घोळ होता म्हणून सांगेल. कणारन म्हणाला, "हॉलमध्ये माझी एकदा एक ओळ गळली होती. साठातल्या चौघांनी पकडली. मी छपाईवर ढकललं असतं तर दुसऱ्या दिवशी दोन विड्या कोणी टाकल्या असत्या?"

शनिवारी संध्याकाळी वाचनालयात सव्वीस माणसं होती. कट्टन, म्हणजे बिनदुधाच्या, चहाचे पेले फिरत होते. कल्याणी अम्मा शिजिनाकडून पुस्तक परत मागून घेऊन पहिल्याच खुर्चीवर बसल्या होत्या. भरतन मास्तर प्रस्तावनेला उठणार तोच कणारन उभा राहिला.

"माशे, आधी मी. ६२१४ची माझी चिठ्ठी रद्द. मी एकशे बारा पानांपर्यंत ते वाचलं आणि पुढे ६२१७ वाचलं. मला कळलंच नाही, कारण मला नीट दिसत नाही. पावसाळ्यापासून दिसत नाही. पुढेही दिसणार नाही. हे आधीच सांगायला हवं होतं."

कोणी पेला खाली ठेवला नाही, वरही नेला नाही.

"म्हणजे प्रेत ६२१७मध्ये आहे?" कल्याणी अम्मांनी विचारलं.

"हो."

"एवढं आधी सांगायचं! ते दे मला. मी दोन दिवस पुस्तक उलटंपालटं करतेय."

सगळे हसले, कणारनही. मागून कोणी तरी म्हणालं, "कणारेट्टा, जोड मात्र झकास लागली होती. त्या दोन लेखकांना कळवा."

हसू ओसरल्यावर मास्तरांनी अवघड प्रश्न काढला. त्यांच्या वहीत छत्तीस पुस्तकं उरली होती. चिठ्ठ्यांचं काम आता कोणाकडे? त्यांनी स्वतःचं नाव सुचवलं नाही, पण चष्मा पुसायला घेतला. कल्याणी अम्मा म्हणाल्या, "माशे, तुमच्या चिठ्ठ्या प्रश्नपत्रिकेसारख्या होतील. गप बसा."

"मी वाचून दाखवीन," शिजिना म्हणाली. "फेरी झाली की दुपारी दोन तास. चिठ्ठी ते सांगतील, मी लिहीन. पहिलं वाचणारे मग दोघं होतील, एवढंच."

कणारनने लगेच हो म्हटलं नाही. एकतीस वर्षं तो वाचणाऱ्याच्या बाकावर बसला होता. दुसऱ्या बाजूला कसं बसायचं, मान कुठे ठेवायची, हेच त्याला माहीत नव्हतं. "फुकट नाही," तो शेवटी म्हणाला. "वाचणाऱ्याची मजुरी बुडते."

"मग?"

"हॉलचा दर. ऐकणाऱ्यामागे तासाला दोन विड्या."

"मी विड्या ओढते का, कणारेट्टा?"

"मीही ओढत नव्हतो. घेत मात्र होतो."

पुढच्या मंगळवारी वाचन सुरू झालं. पहिलं पुस्तक ६२१४च घेतलं, एकशे बारा पानापासून. शिजिनाने सवयीने बसच्या तिकिटाची खूण घातली, ती कणारनने बोटांनी चाचपून काढून टाकली. पुस्तक संपल्यावर त्याने चिठ्ठी सांगितली : 'एक नर्स घरी न परतता गोष्ट पुरी करते. काही सुटलेलं नाही, मीच सुटलो होतो. हात थांबले, दुसऱ्याचे.' शिजिनाने विचारलं, शेवटचा शब्द राहू द्यायचा का. राहू दे, तो म्हणाला.

माधवीने माळ्यावरून सूप काढून धुऊन ठेवलं. पण तंबाखू आणि पानं कोणी आणलेली नाहीत, आणि कणारनची बोटंही आता वळत नाहीत. मार्चच्या शेवटापर्यंत बावीस तास वाचन झालं. ऐकणारे दोघं, कारण माधवीही बसते. शिजिनाला द्यायच्या अठ्ठ्याऐंशी विड्या बाकी आहेत.