धारेचं गाणं

डेअरीच्या ओट्यावर सकाळ-संध्याकाळ दूध घेऊन बसायचं आणि गाडीची वाट बघायची. गाडी वेळेवर आली तर ती गाडी कसली! मग एवढ्या बायका एका ठिकाणी बसून गप्प राहतील का? त्यामुळं पालीजवळच्या आमच्या दूध संस्थेत दुधापेक्षा किस्सेच जास्त जमले. दूध निदान गाडीत चढून बीडला तरी जायचं, किस्से ओट्यावरच राहायचे.

मी या संस्थेची सचिव. शाळेचं तोंड पाहिलं नाही. पेंडीच्या पोत्यांवरची अक्षरं जुळवत वाचायला शिकले आणि पुरुषांच्या नाकावर टिच्चून ती खुर्ची घेतली. तेव्हा सांगते ते ठासून सांगते. रेडिओ ऐकला, कीर्तनं ऐकली, लग्नातले बँड ऐकले. पण ज्यात काही घालायला नको आणि काढायला नको, असं गाणं मी एकच ऐकलं. आमची दारका म्हशीची धार काढताना म्हणायची ते!

*

दारकाचा नवरा परळीच्या वीजकेंद्रावर राखेचे ट्रक भरायला. त्याचा पगार तिकडंच मुरायचा. घर चालायचं ते चंद्रीवर. चंद्री म्हणजे कपाळावर पांढरा चांद असलेली तिची म्हैस. रेडकू दगावल्यापासून ती गाण्याशिवाय पान्हाच सोडेना. दारका तिच्या कुशीला डोकं टेकवून चार चरण म्हणायची. चौथा चरण संपला की बादली भरलेली.

मी ओट्यावर या गाण्याचं कौतुक केलं की शांताबाईला राग यायचा. ती तिच्या म्हशीला भीमगीत म्हणायची, आणि तेही खड्या आवाजात.

"आक्का, तुमच्या दारकाची म्हस मान खाली घालून दूध देती," ती म्हणाली. "माझी मान वर करून देती!"

मी खरंच जाऊन बघितलं. मान वर होती!

*

संस्थेच्या वार्षिक सभेत दारकानं गावं, असं ठरलं. साथीला तालुक्याहून पेटीमास्तर बोलावले. त्यांनी गाणं ऐकलं आणि म्हणाले, "चाल गोड आहे, पण फार साधी. तिसऱ्या चरणात एक तान टाकू."

"मास्तर," मी म्हणाले, "पहिल्या चरणात हाक हाय. दुसऱ्यात रागावणं. तिसऱ्यात कौतुक. चौथ्यात शब्दच न्हाईत, नुसता हुंकार. रुसलेल्या माणसाला बी आपण ह्याच क्रमानं समजावतो. यात तुमची तान कुठं बसवायची?"

"मग मी करू काय?"

"पेटीवर हात ठेवून बसा. फोटोत बरं दिसतं."

सभेत दारकानं डोळे मिटून गायलं. चौथ्या चरणाला मांडव असा शांत झाला की पंख्याचा आवाज ऐकू यावा. हुंकार संपला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. तेवढ्यात माझं लक्ष मांडवामागं गेलं. तिथं प्रदर्शनाला बांधलेल्या म्हशी, चंद्रीसकट, उभ्या-उभ्या पान्हावल्या होत्या. दूध मातीत चाललेलं!

मी ओरडले, "अगं, टाळ्या काय वाजवताय? बादल्या आणा!"

मास्तर पेटी बंद करत म्हणाले, "तीस वर्षं वाजवतोय. अशी दाद एकदा नाही मिळाली."

*

पुढं दारका लेकीच्या बाळंतपणाला गेली. चंद्रीचं काय करायचं? आमचे चेअरमन आप्पा मोठे हुशार. त्यांनी दारका जायच्या आधीच गाणं टेप करून ठेवलं होतं. गोठ्यात टेप लावला. हाक झाली, रागावणं झालं, आणि कौतुकाच्या ऐन मध्यात टेपमधून आप्पांचा खोकला आला. ठसठशीत, विडीचा!

चंद्री दचकली. पण दोन दिवसांत तिला त्याचीही सवय झाली, आणि मग तो खोकला म्हणजे गाण्याचाच भाग झाला. दारका परत आली, धारेला बसली, गायली. चंद्री तिसऱ्या चरणावर अडून बसली. कान टवकारून वाट बघतेय!

दारका दारात येऊन ओरडली, "आप्पा, या हो खोकायला!"

तिची सवय मोडेपर्यंत आप्पा महिनाभर रोज सकाळ-संध्याकाळ गोठ्यात जाऊन खोकत होते. "संस्थेसाठी एवढं तर करावंच लागतं," म्हणायचे. सभेत तसं भाषणही केलं.

*

मग तो दुष्काळ आला. बिंदुसरेच्या धरणात भेगा पडल्या, कडबा सोन्याच्या मोलाचा झाला. चंद्रीच्या बरगड्या दिसायला लागल्या. दारकाचा दीर भानुदास गेवराईकडं, गोदाकाठी राहायचा. त्याच्याकडं थोडा ओला चारा होता. तो म्हणाला, "वहिनी, म्हस माझ्याकडं द्या. पाऊस पडला की आणून घालतो."

आता भानुदासनं नेलेली वस्तू परत आल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. एकदा पेरणीला तिफण नेली, ती तिकडंच पेरत राहिली. पण इथं ठेवली तर म्हैस मरणार. दारकानं चंद्रीच्या कपाळावरून हात फिरवला आणि दावं त्याच्या हातात दिलं.

आठ दिवसांत भानुदास एसटीनं हजर! "वहिनी, चारा खाती, पाणी पिती, पर दुधाचा थेंब न्हाई. ते गाणं शिकवा मला."

मिशांचा गडी दारकापुढं मांडी घालून बसला. आवाज असा की जणू ट्रॅक्टर चढाला लागलाय. मी दारकाशेजारी, बाकीच्या बायका पदर तोंडात कोंबून कुडाआड. दारकानं हाक शिकवली. रागावणं शिकवलं. आणि "झालं," म्हणाली.

"अगं, पुढचं..." मी तिच्या कानाशी लागले, तर तिनं माझ्या मांडीला असा चिमटा काढला की काळंनिळं झालं.

पाऊस पडला. पेरण्या झाल्या. भानुदासचा पत्ता नाही. शांताबाई म्हणाली, "गेली म्हस तिफणीच्या वाटेनं." दारका मात्र रोज गोठा झाडायची.

आणि एके दिवशी संध्याकाळी टेम्पो आला. भानुदासनं चंद्रीला खाली उतरवलं. म्हैस चांगली भरलेली, हा मात्र वैतागलेला.

"घ्या बाई तुमची म्हस! रोज घसा फोडून गातो, तर दोनच सडांचं दूध सोडती. उरलेली दोन धरून बसती. कावून, ते तिलाच ठावं!"

दारकानं बादली घेतली, चंद्रीच्या कुशीला डोकं टेकवलं आणि गायला लागली. हाक झाली. रागावणं झालं. मग कौतुक सुरू झालं, तसा भानुदास पुढं सरकला. हुंकार लागला, चारी सडांच्या धारा घुमायला लागल्या, आणि तो आ वासून बघत राहिला.

"वहिनी, हे पुढचं तर तुमी मला शिकवलंच न्हाई!"

दारकानं डोकं वर केलं नाही.

"भाऊजी," ती म्हणाली, "ती दुसरी बादली इकडं सरकवा."