शेवटच्या घावाआधी

या पानावरचे तुमचे भुताखेतांचे अनुभव मी नातीच्या मोबाईलवर वाचते आणि पोट धरून हसते. देवचार, चकवा, पांढरी साडी... आमच्या पेडण्यात देवचार न भेटलेलं माणूस शोधून सापडायचं नाही. ते माणूस म्हणजे मी. तरी आज लिहायला बसले आहे. हसायचं तर हसा.

मोप्याच्या सड्याखाली, म्हणजे कातळाच्या पठाराखाली, उताराला आमचं लहानसं रान आहे. काजू थोडे, बाकी किंदळ, सातवीण, भेडस. चुलीपुरतं सुकं लाकूड तोडायचं आणि पोकळ झाडं पाखरांची पिल्लं उडेपर्यंत उभी ठेवायची – हा आमच्या ह्यांचा कायदा. मी कारापूरच्या दुकानदाराची मुलगी. लग्न होऊन आले तेव्हा नुसता अकलेचा कांदा. ओलं लाकूड चुलीत घालून अख्ख्या घराला रडवलं, आणि वर म्हणे, तुमच्या रानातली लाकडंच वाईट.

झाड पाडताना ह्यांची एक रीत होती. हे वर कुऱ्हाड चालवत, मी खाली काटक्या बांधत असे. शेवटच्या घावाआधी हे थांबत आणि कूक घालत – "कूऽऽ". मी बाजूला सरून उलट कूक द्यायची, मगच घाव. आणि मी टवळी काय करायची? तोंडात पदर कोंबून गप्प. हे वर कुऱ्हाड धरून ताटकळत. एकदा खाली येऊन म्हणाले, "सांज झाली तरी हरकत नाय. तुजी कूक आयकल्याशिवाय मी घाव घालूचंय नाय, गो." मला त्याचीही गंमतच वाटली.

वरच्या बांधाकडे एक मेलेलं किंदळ होतं, ढोलीत पोपटांची घरटी. पिल्लं उडाली की पाडूया, असं हे दरवर्षी म्हणायचे. पिल्लं उडायची, पाऊस यायचा, किंदळ तसंच. मग हेच वारले. मुलगा उमेश करवतीच्या मशीनवाल्याला आणतो म्हणाला की मी म्हणायची, पिल्लं आहेत. नसली तरी म्हणायची. ह्यांचं तेवढंच एक काम उरलं होतं.

गेल्या वैशाखात, सकाळच्या लख्ख उन्हात, पावसाळ्यासाठी काटक्या गोळा करत होते. पोपट नुकतेच उडून गेले होते. डोक्यावरून विमान गेलं, त्याचा आवाज विरला, आणि वरच्या बांधाकडून आली – "कूऽऽ".

तुम्हाला वाटेल, मी घाबरले. मी तोंडात पदर कोंबला. सत्तरी उलटलेली म्हातारी, पायाशी भारा, आणि हसू आवरेना. हे गेले आहेत, हे त्या क्षणी माझ्या ध्यानातच नव्हतं.

पुन्हा कूक आली. या वेळी शेवटाला जरा धापलेली. म्हटलं, पुरे आता, म्हाताऱ्याचे हात भरून येतील. जांभ्याच्या मोठ्या दगडामागे सरकले आणि उलट कूक दिली.

वर एकच 'ठक्'. मग करकर... आणि किंदळ पलीकडच्या अंगाला, माझ्यापासून दूर, आडवं झालं. वारा नव्हता, पान हलत नव्हतं.

मी धावले – माझ्या गुडघ्यांनी धावता येतं तेवढी. वर कोणी नव्हतं. बुंध्यावर घावाची खूण नव्हती.

उमेश म्हणाला, "आई, वाळवीन खाल्लेला झाड ता. आज ना उद्या पडतलाच." आणि कूक? ती म्हणे कुठल्या तरी पाखराची. असेल. मी वाद घातला नाही. फक्त त्या लाकडाला हात लावू दिला नाही. आता त्याच्याखाली साळिंदरानं बीळ केलंय.

तेव्हापासून मी रोज वर जाते. कधी कधी मीच आधी कूक घालते, जे आमच्या रीतीत बसत नाही. उत्तर येत नाही. त्या दिवशी तिथं काय होतं, मला अजून कळलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला कळलं असेल तर कृपा करून सांगू नका. मला दुसरंच खातं. जन्मभर ह्यांना ताटकळत ठेवणारी मी, नेमकी त्याच दिवशी एवढी गुणी कशी झाले? गप्प राहिले असते तर हे घाव घालणारच नव्हते. कुऱ्हाड धरून तिथंच उभे राहिले असते... सांज झाली तरी.