भाऊजींची गिअरवाली

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांच्याइतका प्रामाणिकपणे रागावणारा माणूस वैनगंगेच्या दोन्ही काठांवर झाला नाही. इतर लोक स्वतःचं काही बिघडलं की चिडतात. भाऊजी तत्त्वासाठी चिडत. नागपूरचं मराठी वर्तमानपत्र हिंदी मुलखातल्या आमच्या बालाघाटला दुपारी पोचे, म्हणून ते त्यातल्या बातमीवरसुद्धा शिळी म्हणून भडकत. शेजारच्या लग्नात मांडवाचा भोंगा त्यांच्या खिडकीकडे तोंड करून बांधला, तेव्हा ते आहेर घेऊन गेले, नवरा-नवरीला आशीर्वाद दिला, स्टुलावर चढून भोंगा फिरवला आणि न जेवता परत आले.

अशा माणसानं आयुष्यात एकदाच प्रेम केलं आणि तेही आपल्यावर नाही, असं ताई म्हणे. प्रेम होतं एका हिरव्या, जाड टायरांच्या गिअरवाल्या सायकलवर. बैहरला नोकरीत असताना दर वेळी बालाघाटहून जीपमध्ये मेंढरासारखं कोंबून घेऊन घाट चढणं त्यांना फार लागलं होतं. बालाघाटला बदली होताच, हा घाट आता स्वतःच्या पायानं चढायचा, असा पण करून त्यांनी नागपूरहून ही सायकल आणली. गोंदियापासून छोट्या लाईनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या गाडीत ते सामानाच्या डब्यात तिला धरून उभे होते. पहिल्याच रविवारी घाटाच्या पायथ्याशी साखळी तुटली आणि भाऊजी आणि सायकल, दोघं लाकडं वाहणाऱ्या ट्रकमधून घरी आले. पुढे कधी ऊन फार असे, कधी रस्ता उखडलेला. सायकल बैठकीत भिंतीला टेकली ती टेकलीच. पाहुणे दाटीवाटीनं पलंगावर बसत. सायकलला मात्र कोणी धक्का लावायचा नाही.

"एखादं गिऱ्हाईक पाह्य न रे बाप्पा," ताई मला म्हणाली. "घरात बसाले जागा नाही राह्यली."

मी भाबडेपणानं गिऱ्हाइकं आणू लागलो. पहिला आमचा दूधवाला. "इसमें डिब्बे टांगने का जुगाड़ हो जाएगा ना, बाबूजी?" एवढंच त्यानं विचारलं. भाऊजी ताडकन उठले. "डिब्बे? अरे, ये पहाड़ चढ़ने की चीज है!" आणि माझ्याकडे वळून, "काहून आणलं रे याले?" मग कटंगीहून बसनं एक वकील आले. त्यांनी बाजारात वांगं दाबून पाहावं तसा टायर दाबला आणि मागे कॅरिअर का नाही, असं विचारलं. "कॅरिअर पाह्यजे असन तर रिक्षा घ्या," भाऊजी म्हणाले. वकीलसाहेब चहा अर्धा टाकून गेले. ते आजतागायत मला ओळख दाखवत नाहीत. दूधवाल्यानं महिनाभर आमच्याकडे पाणचट दूध घातलं. आणि भाऊजी उलट माझ्यावरच संतापलेले, की मी त्यांच्या घरी कसलीही माणसं आणतो!

मग एका हिवाळ्यात भाऊजींच्या छातीत कळ आली. नागपूरला नेलं, वाचले. चढ चढायचा नाही, दगदग करायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. घरी आले ते निराळेच होऊन. वरणात मीठ पडलं नव्हतं, तरी मुकाट्यानं जेवले. संध्याकाळभर लाईट नव्हती, तर कंदिलाच्या उजेडात बसून राहिले. आणि एका सकाळी त्यांनीच मला फोन केला. "बिरसा गावचा तो मास्तर विचारून राह्यला होता न? बोलाव त्याले. देऊन टाकू."

मास्तर तरुण होता, सभ्य होता. त्यानं आधी हात पुसले, मग हँडल धरलं. मी धास्तावून भाऊजींकडे पाहत होतो. पण ते हळूच खाली बसले आणि त्याला समजावू लागले. "चढ लागायच्या आधीच गिअर बदलायचा. मग घाई नाही करायची." आवाजात कुठं धार नव्हती. माझ्याच्यानं ते ऐकवेना. शेवटी त्यांनी खिशातून कुलपाची किल्ली काढून मास्तरच्या हातावर ठेवली.

तेवढ्यात ताई पदराला हात पुसत बाहेर आली. "विकायची नाही."

"अवं, तूच तर इतकी वर्षं..."

"हौ, म्हणत होती मी. मी म्हणत होती तवा तुम्ही भांडत होते. आता तुम्ही भांडूनच नाही राह्यले, तर मी कोणासंग बोलू?"

भाऊजींनी मान वर केली. मग त्यांचे कान लाल होऊ लागले. "पण मी शब्द देल्ला न त्याले! पाहुण्यासमोर माझा शब्द खाली पाडतेस? ही काय रीत झाली?"

"मग द्याच्या आधी मले विचारलं काहून नाही?" ताईनंही आवाज चढवला.

मास्तरनं किल्ली हलकेच सीटवर ठेवली. मी ओशाळून त्याला फाटकापर्यंत सोडायला गेलो. "रहने दीजिए सर," तो म्हणाला, "उनके पास ही अच्छी लगती है."

तो गेल्यावर मी फाटक लावलं, पण आत गेलो नाही. दोघांचे आवाज रस्त्यापर्यंत येत होते. बोलता बोलता भाऊजींना धाप लागे आणि ते थांबत. तेवढा वेळ ताईही थांबे.