ओरोंझोची जीभ आणि मिशीवाली सुरई

ओरोंझो मांकारेल्ला थाळीला जीभ लावायचा, तेव्हा सबंध गल्ली श्वास रोखून उभी राहायची. दक्षिण इटलीतल्या, पुलिया प्रांतातल्या त्या कुंभारगावात कुणाच्या माळ्यावर जुनी परात सापडो, कुणाच्या वाटणीला आजीचा तेलाचा बुधला येवो, माणसं ते कडेवर घेऊन ओरोंझोकाकांकडेच यायची. तो आधी टिचकी मारून नाद ऐकायचा, मग भांडं पालथं करून बूड बघायचा. झीज एका अंगाला जास्त असली की खूश. "खरी आहे. कुण्या बाईने रोज उजव्या हाताने ओढलेली. लबाड माणूस घासतो ते गोल गोल, सगळीकडून सारखं." शेवटी जिथे झिलई नाही तिथे जीभ. कोरी माती तहानलेली असते, जीभ धरून ठेवते. वर्षानुवर्षं तेलपाणी प्यायलेली लगेच सोडून देते. मग डोळे मिटून निकाल, "साठ. फार तर पासष्ट." चर्चमधलं तीनशे वर्षांचं म्हणून मिरवलेलं भांडं अकरा वर्षांचं आहे, हे त्याने फादरना तोंडावर सांगितलं होतं.

"मडक्यांची वयं बरोबर कळतात यांना," बायको नुन्झियाता म्हणायची, "माझा वाढदिवस तेवढा कळत नाही."

१९९५ साली गटाराचे पाइप टाकताना एका पडक्या खुराड्यामागे सुरई निघाली. हातभर उंच, बाईच्या आकाराची. कमरेवर हात, छाती पुढे आणि ओठावर झुपकेदार मिशी. मठाच्या रिकाम्या इमारतीत गावाने नुकतंच संग्रहालय काढायला घेतलं होतं. तिथल्या डॉक्टर लुदोव्हिका, उत्तरेकडून आलेल्या विद्वान बाई, सुरई बघून चक्क रडल्या. सुरई काचेच्या पेटीत बसली, खाली पाटी लागली: 'मिशीवाली, अंदाजे १७२०'.

ओरोंझो बघायला गेला आणि जागीच थिजला. सुरई त्याने स्वतः केलेली होती.

१९६१ मधल्या एका रविवारी, जेवणाच्या टेबलावर, वीस पाहुण्यांदेखत त्याची सासू पोम्पीलिया म्हणाली होती, "आमच्या जावईबापूंच्या मडक्यात पाणी भरावं, शेजाऱ्यांची बाग भिजते." दुसऱ्या दिवशी त्याने रागाच्या भरात चाकावर सासू घडवली. मिशीसकट. भट्टीतून बाहेर काढेपर्यंत राग उतरला होता आणि भीती चढली होती. त्यात खुद्द सासूच भट्टीकडे येताना दिसली. त्याने सुरई खुराड्यामागे कोंबड्यांच्या विष्ठेत पुरली. पुढे खुराड्याची जागा विकली आणि सुरई पार विसरला.

सासू काहीच विसरली नव्हती. ब्याण्णव वर्षांची होती आणि त्याच्याच घरी राहत होती.

संग्रहालयाच्या उद्घाटनाला महापौरांनी जाहीर करून टाकलं की सुरईचं वय ओरोंझोकाका सर्वांसमक्ष सांगतील. दालन गच्च भरलं. चाकांच्या खुर्चीत पोम्पीलिया सगळ्यांच्या पुढे. ओरोंझोने टिचकी मारली, बूड पाहिलं, जीभ लावली. मातीने जीभ लगेच सोडली. चौतीस वर्षं खत प्यायलेली ती! जीभ सांगत होती, पावणेतीनशे.

"चौतीस," तो म्हणाला.

"चौतीसशे?" महापौरांचे डोळे चमकले.

"चौतीस वर्षं हो! मीच केलीय."

डॉक्टरबाई समजूत घालावी तशा हसल्या. "काका, पुरावा काय?"

"आत हात घाला. तळाशी माझ्या डाव्या अंगठ्याचा ठसा आहे."

त्यांनी हात घातला, चाचपलं. "आहे खरा. पण अठराव्या शतकातही लोकांना अंगठे होते, काका."

"आणि कुणाला बघून केलीत?" महापौरांनी विचारलं.

ओरोंझोची नजर सासूकडे गेली. तोवर पोम्पीलियाने चष्मा लावला होता. "मला पुढे घ्या," ती म्हणाली. खुर्ची पुढे गेली. दोन तोंडं समोरासमोर आली. तेच नाक, तीच हनुवटी, तीच मिशी. नुन्झियाताने डोळे मिटून घेतले.

"अगं बाई!" पोम्पीलिया म्हणाली. "ही तर आमची खापरपणजी!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. डॉक्टरबाई वही काढून भराभर लिहू लागल्या. सासू जावयाकडे वळली. "आणि तुम्ही तिला चौतीस वर्षांची म्हणता? लाज नाही वाटत? म्हणे मी केली! पाणी राहतं का तुमच्या मडक्यात?"

घरी जाताना नुन्झियाताने हळूच विचारलं, "आईच आहे ना ती?"

"हो."

"मिशी जरा कमी करायची होती."

"कमीच केलीय."

आठवडाभरात डॉक्टरबाईंना चर्चच्या वहीत १७३१ साली वारलेली एक पोम्पीलिया सापडली, आणि पाटीवर तिचं नाव चढलं. ओरोंझोने हट्टाने त्यांच्यासमोर बसून दुसरी सुरई केली, हुबेहूब. बाईंनी ती फिरवून फिरवून पाहिली. "सुंदर नक्कल आहे. पण मूळ हातातली ताकद नाही. आजच्या माणसाला ते जमायचं नाही." ती दाराजवळच्या दुकानात ठेवली गेली, पोस्टकार्डांशेजारी.

"काकांची जीभ गेली," गाव म्हणू लागलं. भांडी यायची बंद झाली. त्याचं ओरोंझोला फार वाटलं नाही. सलत होतं ते वेगळंच. एकदा शेंगा सोलता सोलता तो बायकोला म्हणाला, "मला ठाऊक नसतं तर मीही सतराशे वीसच सांगितलं असतं गं. मग आजवर सांगितली ती वयं?"

नुन्झियाताने विचार केला. "जी भांडी खुराड्यातली नसतील, त्यांची बरोबर असतील."

पोम्पीलिया आता दर गुरुवारी खापरपणजीला भेटायला जाते. खुर्ची ढकलायला जावई. एका गुरुवारी तो पेटीपुढे बराच वेळ थांबला.

"एवढं काय बघताय?" तिने विचारलं.

"कान. जरा वाकडा बसलाय."

"मुद्दाम बसवलाय तो," सासू म्हणाली. "त्या काळच्या लोकांना कळत होतं. तुम्हाला नाही समजायचं, जावईबापू. चला, पुढच्या खोलीत."

त्याने खुर्ची पुढच्या खोलीत नेली.