कडुलिंबाची जपानी पेटी

सर्जेराव एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले, पण माणसं दाबून बसवायची सवय काही सुटली नाही. भोकरदनच्या घरात बसवायला माणसं नव्हती, म्हणून त्यांनी भाज्या धरल्या.

झालं असं, की त्यांनी मोबाइलवर जपानी लोकांचा डबा पाहिला. लाकडाची चपटी पेटी, आत कप्पे, प्लास्टिकचं नाव नाही आणि वरून कापडाची गाठ. सून राजनंदिनी रोज बसने जालन्याला बियाण्यांच्या कंपनीत कामाला जायची. तिचा डबा यापुढे आपण भरणार, असं त्यांनी जाहीर केलं.

"म्हंजे रांधायचं मी आन् नाव तुमचं," त्यांच्या बायकोनं, उषाबाईंनी, तव्यावरून नजर न हटवता म्हटलं.

अंगणातल्या कडुलिंबाची एक फांदी विजेच्या तारेला लागते म्हणून नुकतीच तोडली होती. ती खांद्यावर टाकून सर्जेराव महेमूद मिस्त्रींकडे गेले.

"कंडक्टर साब, लकडी गीली है. सूखने दो जरा."

"वाळंल वापरता वापरता. मला जल्दी पाहिजे."

पेटी आली. सकाळी सर्जेराव तिच्यापुढे मांडी घालून बसत. भाकरीचे चतकोर एका बाजूला उभे, शेपूची भाजी कोपऱ्यात, ठेचा आणि झुणका यांच्यामध्ये पळसाच्या पानाचा पडदा. "सरका, सरका, मधी लई जागा हाय," असं पुटपुटत ते काकडीची चकती आत लोटत. मग जुन्या उपरण्याच्या तुकड्याची गाठ. गाठीला सशासारखे दोन कान.

संध्याकाळी पेटी रिकामी, धुऊन परत येई.

"कसा होता डबा?"

"बरा होता, मामा."

सर्जेरावांना नेमका हा 'बरा' सलायचा. चहाच्या टपरीवर त्यांनी जपानपर्यंतच्या गप्पा मारलेल्या. घरात मात्र सुनेच्या तोंडून एक मोकळा शब्द निघत नव्हता. लग्न होऊन वर्ष झालं, तरी ती त्यांच्याशी तिकिटापुरतंच बोलायची.

एक दिवस तिला कामासाठी संभाजीनगरला जावं लागलं. जेवण तिकडेच होतं. भरलेली पेटी घरी राहिली. दुपारी सर्जेरावांनी कौतुकानं गाठ सोडली आणि पहिला घास घेतला.

"तोंड काऊन वाकडं झालं?" उषाबाईंनी विचारलं.

"काही न्हाई. मस्त हाय."

भाकरी कडू, झुणका कडू, काकडीसुद्धा कडू. ओल्या लाकडाचा सगळा रस जेवणात उतरला होता. बायकोदेखत त्यांनी ते शेवटच्या घासापर्यंत संपवलं आणि वर गुळाचा एवढा मोठा खडा खाल्ला, की उषाबाईंना सगळं कळलं.

संध्याकाळी सून उंबऱ्यात दिसताच त्यांनी विचारलं, "राजनंदिनी, खरं सांग. रोज टाकून देत होतीस?"

"न्हाई, मामा. खात होते."

"आन् बोलली न्हाईस?"

ती चप्पल काढता काढता थांबली. "मला वाटलं, मुद्दाम देताय. डॉक्टर म्हणले होते ना, माझी शुगर जरा काठावर हाय. म्हटलं, मामा तोंडावर बोलत न्हाईत, डब्यातून औषध देऊन राह्यले."

उषाबाई पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. राजनंदिनी पुढं म्हणाली, "आमच्या ऑफिसात तर साहेबबी रोज एक घास मागून खातात, पोटाला चांगलं म्हणून."

"आन् चव?"

तिनं जरा सासूकडे पाहिलं. "बिलकुल खाववत न्हाई, मामा."

दुसऱ्या दिवशी पेटी, कीड लागू नये म्हणून, तुरीच्या डाळीच्या कोठीत गेली. चतकोर, शेपू, पळसाचं पान, सगळे प्रवासी स्टीलच्या डब्यात चढले. गाठ तीच, कान तेच.

संध्याकाळी राजनंदिनी आली ती दारातूनच बोलत आली. "मामा, ह्ये काय भरलं! ठेचा पार झुणक्यात शिरला. अन् भाकरी ओली झाली. उद्या बराबर बसवा."

सर्जेरावांचा चेहरा उजळला. त्यांनी तिच्या हातून डबा घेतला आणि शेजारची खुर्ची हातानं थोपटली.

"बस इथं. कुठून शिरला, नीट सांग."

ती बसली आणि चहा होईपर्यंत तक्रारी सांगत राहिली.